पायावरच्या निळ्या जाळ्या, फुगलेल्या नसा आणि स्क्लेरोथेरपीचं इंजेक्शन : आधी उभं राहून डॉपलर करून घ्या

फलटणकरीण
१२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, दिवाळीच्या सुट्टीत जरा निवांतपणा मिळाला म्हणून बसलेय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ वर्षं शिक्षिका आहे, पहिली ते चौथी, म्हणजे खुर्ची असते वर्गात पण तिच्यावर बसणं काही होत नाही. धाकट्याच्या वेळी डाव्या मांडीवर बाहेरच्या बाजूला लाल-निळ्या रेघांची जाळी दिसायला लागली, तिला स्पायडर व्हेन्स म्हणतात हे खूप नंतर कळलं. मग चाळिशीनंतर गुडघ्याच्या आतल्या अंगाने एक जाड नस वर आली, दोरीसारखी, ती पार पोटरीपर्यंत. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, मोजे काढले की घोट्यावर खोल वळ, आणि रात्री पोटरीत गोळा आला की ओरडून उठायचे.

दोन वर्षांपूर्वी एका क्लिनिकमध्ये गेले, नाव लिहीत नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, बायकांनी माझ्यासारखी चूक करू नये एवढंच. त्यांनी मला टेबलावर झोपवून पाय पाहिला, पाच मिनिटांत म्हणाले इंजेक्शनने जाईल (नसेत औषध टोचून ती बंद करायची, तीच स्क्लेरोथेरपी), आणि त्याच दिवशी वीस-बावीस टोचण्या दिल्या. उभं करून पाहिलं नाही, सोनोग्राफी नाही, काही नाही. झोपल्यावर ती जाड नस रिकामी होऊन सपाट होते हो, दिसतच नाही! पहिले तीन महिने जाळी फिकट झाली, मी खूष. सहाव्या महिन्यात त्याच जागी केसासारख्या बारीक लाल नसांचा पुंजका उगवला, आणि जिथे टोचलं होतं तिथे तपकिरी रेघा उमटल्या. पोटरीतले गोळे तर एक दिवस थांबले नव्हते. परत गेले तर अजून चार सेशन करू म्हणाले. तेव्हा मी थांबले.

यंदा पुण्याला व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कलर डॉपलर केला, म्हणजे नसेतलं रक्त कुठल्या दिशेला वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, तो असा: एका छोट्या स्टुलावर उभं केलं, सगळा भार उजव्या पायावर घ्यायला सांगितला, डावा पाय सैल. जांघेत ते गार जेल लावून प्रोब ठेवला आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबून सोडली. दाबल्यावर रक्त वर गेलं त्याचा एक झर्रकन आवाज, आणि सोडल्यावर आवाज बंद व्हायला हवा, तो माझा होईचना, उलटा लांबच लांब घरंगळत खाली आला. अडीच सेकंद! डॉक्टर म्हणाले अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं की झडप गळते असं धरायचं. आम्ही उसवाले लोक, त्यांनी मला आमच्याच भाषेत सांगितलं, "मॅडम, पाटाचं दार उघडं आहे आणि तुम्ही सरीतलं पाणी तांब्याने उपसताय." दोन वर्षांत कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं, मला तिथेच रडू आलं.

मग आधी ते दार बंद केलं, म्हणजे मांडीतल्या मोठ्या नसेला आतून उष्णता देऊन बंद करतात ते रेडिओफ्रिक्वेन्सी, जागेवरची भूल, तासाभरात चालत बाहेर. महिन्याने खालच्या फांद्यांना फेसाचं इंजेक्शन, म्हणजे औषधाचा फेस करून टोचतात ते. सोनोग्राफीच्या पडद्यावर मी बघत होते, काळ्या नळीत पांढरा ढग सरकत सरकत भरत गेला आणि मागे नळी आवळल्यासारखी बारीक झाली. दुखलं किती? सुई टोचते तेवढंच, नंतर पायात जडपणा. जाळीची इंजेक्शनं सगळ्यात शेवटी, आणि तीही दीड महिन्याच्या अंतराने दोनदा. आता पाच महिने झालेत. गोळे येत नाहीत. जुने डाग अजून आहेत, पण फिकट होताहेत.

सांगायचं एवढंच की इंजेक्शन वाईट नाही, पण डॉपलर केल्याशिवाय कुणालाही पायाला सुई लावू देऊ नका. बाकी कुणाचे अनुभव असतील तर लिहा, वाचायला आवडेल.

निशिगंधा_ठाणे
१२ नोव्हेंबर, रात्री ११:२५

ताई किती नीट लिहिलंत, थँक यू. माझं वय ३४, बाळ आठ महिन्यांचं. प्रेग्नन्सीत दोन्ही मांड्यांवर आणि गुडघ्याच्या मागे निळ्या-जांभळ्या जाळ्या आल्यात, जाड नस कुठेच नाही, दुखत पण नाही, फक्त बघवत नाही. मी पूर्वी स्विमिंगला जायचे, आता लाज वाटते. नवरा म्हणतो कशाला खर्च, कुणाला दिसतंय. मला दिसतंय ना! अजून अंगावर पाजतेय. आत्ता करता येईल का? आणि फक्त जाळ्यांनाही डॉपलर लागतो का?

शल्यक
१३ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मी तालुक्याच्या ठिकाणी जनरल सर्जन आहे, १९ वर्षं. फलटणकरीण ताईंनी जे लिहिलंय ते आमच्या पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा चांगलं आहे, थोडी भर घालतो.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, चालताना दर पावलाला पिळल्यासारखं रक्त वर ढकललं जातं आणि नसेतल्या झडपा ते परत खाली पडू देत नाहीत. झडप सैल झाली की उभं राहिल्यावर रक्ताचा सगळा खांब खालच्या नसेवर उभा राहतो, ती ताणून ताणून वाकडी होते. तीन मिलिमीटर किंवा जास्त जाड झाली की व्हेरिकोज म्हणतो, एक ते तीनच्या मधल्या हिरव्या-निळ्या नसा वेगळ्या आणि एकाहून बारीक त्या जाळ्या. शिक्षक, पोलीस, न्हावी, पोळी-भाजी केंद्रातल्या बायका, नर्स, कंडक्टर, माझ्या ओपीडीत हीच मंडळी. उभं राहण्याने त्रास वाढतो, पण मुळात घराण्यात असतं हे, आईच्या पायाकडे बघा म्हणून सांगतो मी.

इंजेक्शन काय करतं? औषध नसेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, भिंती एकमेकींना चिकटतात, वरून स्टॉकिंगने (पायावर दाब देणारा घट्ट लांब मोजा) दाब ठेवला की चिकटलेल्या राहतात आणि पुढे त्याची बारीक दोरी होऊन शरीर ती हळूहळू शोषून घेतं. म्हणून लोक आठ दिवसांत "गेली नाही" म्हणून फोन करतात तो चुकीचा आहे, बारीक जाळीला तीन ते सहा आठवडे आणि मोठ्या नसेला तीन-चार महिने द्यावे लागतात. "नस बंद केली तर रक्त जाणार कुठून" हा दुसरा प्रश्न. पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल नसांतून जातं, ही कातडीखालची नस उलटं वाहून नुसता त्रासच देत असते, ती बंद झाली तर पायाचं भलंच होतं. पण खोल नसा चांगल्या आहेत ना, त्यात जुनी गुठळी नाही ना, हेही डॉपलरमध्येच कळतं.

औषधं मुख्यतः दोन, पोलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, दुसऱ्याला आम्ही एसटीएस म्हणतो. पोलिडोकॅनॉल मुळात भुलीचं औषध म्हणून आलं होतं, त्यामुळे टोचताना जळजळ कमी. कुठे कुठे दाट मिठाचं पाणी वापरायचे, ते मात्र चांगलंच झोंबतं आणि गोळा आणतं. ताकद नसेप्रमाणे: जाळीला अर्धा टक्का किंवा त्याहून पातळ, मधल्या नसांना एक टक्का, मोठ्या नसेला तीन टक्क्यांपर्यंत. जाळीसाठी ३० नंबरची सुई, केसासारखी. बारीक जाळीत तीव्र औषध गेलं किंवा नसेबाहेर सांडलं तर तिथली कातडी मरून जखम होते आणि ती भरायला महिने घेते, म्हणून हात सरावाचा पाहिजे.

मोठ्या नसेला फेस करतात. दोन सिरिंजा, मध्ये त्यांना जोडणारी तीन तोंडांची तोटी (थ्री-वे), एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा, वीसेक वेळा इकडून तिकडे ढकललं की दाढीच्या फेसासारखं होतं. इटलीच्या तेस्सारींनी २००० साली ही पद्धत मांडली. फेस रक्ताला पुढे ढकलतो आणि स्वतः भिंतीला चिकटून राहतो, त्यामुळे थोड्या औषधात काम होतं, पण दोनेक मिनिटांत विरायला लागतो म्हणून केल्या केल्या टोचावा लागतो. एका वेळी साधारण १० मिलीच्या वर फेस देत नाहीत.

निशिगंधा, तुम्ही आत्ता थांबा. गरोदरपणात आलेल्या बऱ्याचशा नसा नंतर आपोआप कमी होतात आणि पाजत असताना आम्ही हे इंजेक्शन टाळतो. दूध सुटल्यावर बघू. जाळी जिथे घोट्याच्या आत पंख्यासारखी पसरलीय किंवा पाय जड होतात, सुजतात, तिथे डॉपलर हवाच. बाकीच्यांत निदान उभं करून नीट तपासणी तरी झालीच पाहिजे.

निशिगंधा_ठाणे
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

धन्यवाद डॉक्टर. घोट्याशी काही नाही. थांबते मग. खरं सांगू का, "थांबा" म्हणणारे तुम्ही पहिले, मी चौकशी केलेल्या दोन ठिकाणी आठवड्यात अपॉइंटमेंट देत होते, पाजते का हे कुणी विचारलं पण नाही.

कल्याणकर
१३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

एक महत्त्वाचं लिहितो, जीवावरचं आहे. माझी आई ७१. घोट्याच्या वर एक फुगलेली नस होती, वर कातडी अगदी पातळ, जांभळट फोडासारखी. सकाळी आंघोळ करताना गरम पाणी ओतलं आणि पाय घासला तर तिथून पिचकारीसारखं रक्त. आई घाबरून उठून उभी राहिली, दाराला धरून हाका मारतेय आणि सगळी मोरी लाल. मी पायावर घट्ट रुमाल बांधला गुडघ्याच्या खाली, तर रक्त जास्तच यायला लागलं. शेजारच्या सिस्टर धावत आल्या, त्यांनी आधी रुमाल सोडला, आईला तिथेच लादीवर आडवं केलं, पाय उचलून बादलीवर ठेवला आणि स्वच्छ फडक्याची घडी करून बोटाने दाबून धरलं. दहा मिनिटांत थांबलं. दहा मिनिटं!! मी नुसता बघत राहिलो.

झोपवा, पाय वर करा, जागेवर दाबा. वर आवळून बांधू नका, उभं ठेवू नका. हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे जिथे म्हाताऱ्या माणसांच्या पायावर अशा नसा आहेत.

पुढे त्याच नसेला फेसाचं इंजेक्शन देऊन बंद केलं, दीड वर्षात परत रक्त आलेलं नाही. मेडिक्लेमचं विचारत असाल तर व्हेरिकोजला बऱ्याच पॉलिसींमध्ये पहिली दोन वर्षं वेटिंग असतं, आणि नुसत्या जाळ्यांचं इंजेक्शन कॉस्मेटिक म्हणून नाकारतात. आमचं झालं कारण रक्तस्राव झाल्याचं आणि डॉपलरमध्ये झडप गळत असल्याचं कागदावर होतं. कागद सगळे जपा.

शल्यक
१३ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

कल्याणकर, तुमचा हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा.

बंड्या_सांगली
१३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

मला थोडं वेगळं मांडायचंय. माझी मांडीतली मोठी नस गळत होती, पण लेझर-बिझर काही केलं नाही, परवडणारं नव्हतं, सोनोग्राफी लावून नुसता फेस भरला दोन वेळा. चार वर्षं झाली, पाय एकदम मस्त आहे, दिवसभर दुकानात काउंटरला उभा असतो. मग सगळ्यांना आधी महागडं करा मग इंजेक्शन असं का सांगताय? गरिबाने काय करायचं?

शल्यक
१३ नोव्हेंबर, रात्री ९:३५

बंडूशेठ, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तुमच्यावर झालेला उपचार चुकीचा अजिबात नाही. मोठ्या नसेलाही फेस देतात, सोनोग्राफीखाली, तुमच्यासारखंच. फरक टिकण्याचा आहे. ब्रिटनमध्ये ७९८ पेशंटवर लेझर, फेस आणि जुनं ऑपरेशन असं तिन्ही ताडून पाहिलंय, पाच वर्षांचा निकाल २०१९ साली आला, त्यात पायाच्या तक्रारींच्या हिशेबाने लेझर आणि ऑपरेशनवाले फेसवाल्यांपेक्षा बरे निघाले. तिथल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही क्रम तोच आहे, आधी उष्णतेने बंद करणं (लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी), ते जमत नसेल तर फेस, तेही नाही तर ऑपरेशन. पण फेसाला भूल लागत नाही, खर्च कमी, म्हातारी माणसं, हृदयाचे पेशंट, वाकड्यातिकड्या नसा जिथे तार शिरतच नाही, किंवा आधी ऑपरेशन होऊन परत आलेल्या नसा, तिथे फेस हाच पहिला हात. माझ्याकडे शेतमजूर बायका येतात त्यांना मी फेसच देतो, फक्त सांगून ठेवतो की दोन-तीन वर्षांनी परत भरावा लागेल तर घाबरायचं नाही आणि वर्षाला एकदा दाखवायला यायचं. आमचं भांडण आहे ते डॉपलर न करता वरवरच्या जाळ्या टोचण्याशी.

बंड्या_सांगली
१३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आता पटलं. माझा पण डॉपलर केला होता आधी, उभा करूनच.

तुळस_वृंदावन
१४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

जळवा लावून जातं म्हणतात, आमच्या ओळखीत एकींनी लावल्या, पाय हलका झाला. शिवाय विपरीत करणी, ते पाय वर करून करायचं आसन, रोज केलं तर? सुईची फार भीती वाटते म्हणून विचारते.

शल्यक
१४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

भिंतीला पाय लावून पडण्याने, विपरीत करणीने, चालण्याने सूज उतरते, ठणका कमी होतो, जरूर करा, मीही सांगतो. तुंबलेलं रक्त जळूने ओढलं की तेवढ्यापुरता हलकेपणा वाटणं साहजिक आहे. पण गळकी झडप यातल्या कशानेच परत मिटत नाही, स्टॉकिंगनेही नाही, स्टॉकिंग घातलं आहे तोवर आधार. डायबेटिस असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जळवा घरी स्वतः लावू नका ही विनंती. आणि सुईची भीती असेल तर पोलिडोकॅनॉलची ३० नंबरची सुई एकदा बघा तरी, मुंगी चावल्यासारखं होतं म्हणतात पेशंट.

म्हापशेकर_सिस्टर
१४ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

नमस्कार, मी गोव्यात नर्स, स्वतः इंजेक्शनं घेतलीत म्हणून पेशंट म्हणूनच लिहिते. दोन गोष्टी.

मला मायग्रेन आहे, झगमगणाऱ्या रेघा दिसतात तसला. फेस दिल्यावर दहाएक मिनिटांत डोळ्यांपुढे तश्शाच वाकड्या रेघा सुरू झाल्या आणि जरा छातीत दाटल्यासारखं, खोकला. मी नर्स असून घाबरले. डॉक्टरांनी आडवंच ठेवलं, अर्ध्या तासात सगळं गेलं. मग त्यांनी सांगितलं की साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या पडद्यात जन्मापासूनचं एक बारीक भोक उघडं राहिलेलं असतं, कुणाला माहीतही नसतं, त्यातून फेसाचे बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून मेंदूकडे जाऊ शकतात. तर मायग्रेन असेल, आधी कधी पक्षाघातासारखं झालं असेल, पायात गुठळी झालेली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे सगळं टेबलावर चढायच्या आधी सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका. माझी पुढची सेशन्स फेस न करता साध्या पातळ औषधाने केली, काही झालं नाही.

दुसरं स्टॉकिंग. लोक इथेच हरतात. क्लास दोनचं म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याचा दाब, चढवताना घाम निघतो आणि आमच्या हवेत तर मे महिन्यात जीव नकोसा होतो, म्हणून मी इंजेक्शनं डिसेंबर-जानेवारीतच घेतली. सकाळी बिछान्यातून पाय खाली सोडायच्या आधी घालायचं. आतून हात घालून टाचेपर्यंत उलटं करायचं, पावलावर साधी प्लास्टिकची पिशवी चढवायची, त्यावरून पाऊल नि टाच सरकवायची आणि पुढच्या उघड्या बोटांतून पिशवी ओढून काढायची, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून थोडं थोडं वर चोळत न्यायचं, वरून धरून ओढायचं नाही. गुडघ्यामागे सुरकुती राहिली की तिथे करकचतं आणि फोड येतो. नखं कापलेली हवीत, नाहीतर पहिल्याच दिवशी धागा निघतो आणि तीन हजारांची जोडी गेली!

इंजेक्शन झाल्या झाल्या वीस-तीस मिनिटं चालायचं, घरी येऊन झोपून राहायचं नाही.

फलटणकरीण
१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

सिस्टर ती पिशवीची युक्ती मला आधी माहीत असती तर! माझा मुलगा आणि मी दोघं मिळून ओढायचो.

अजून एक आठवलं ते लिहिते कारण मी फार घाबरले होते. फेस दिल्यावर दोन-अडीच आठवड्यांनी पोटरीत नसेच्या वाटेवर कडक गाठी लागायला लागल्या, हात लावला की दुखायचं, वरची कातडी काळपट. मला वाटलं गुठळी, आता ती वर जाणार. डॉक्टरांनी परत डॉपलर करून आतल्या नसा मोकळ्या असल्याचं दाखवलं, मग म्हणाले हे बंद नसेत अडकलेलं जुनं रक्त आहे. साध्या सुईने टोचून अंगठ्याने दाबत आणलं तर जांभळाच्या रसासारखं, पण घट्ट, काळंभोर रक्त निघालं चार-पाच ठिकाणी. टोचताना दुखलं, पण दुसऱ्या दिवशी गाठी निम्म्या. ते रक्त तसंच ठेवलं तर त्यातलं लोह कातडीत उतरून तपकिरी डाग पडतो म्हणे, माझ्या पहिल्या क्लिनिकवाल्यांनी कधी बोलावलंच नव्हतं परत बघायला, म्हणून त्या रेघा राहिल्या. आताच्या डॉक्टरांनी सांगितलंय की बहुतेकांचे डाग सहा महिने-वर्षभरात जातात, उन्हात उघडे पाय टाकायचे नाहीत.

शल्यक
१४ नोव्हेंबर, रात्री ८:०५

बरोबर. पण गाठ आणि गुठळी घरी ओळखता येत नाही. अख्खी पोटरी सुजली, ताठ झाली, पाय टेकवेना, किंवा दम लागला, छातीत दुखलं तर हे धागे वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

एडिसनकर
१५ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

न्यू जर्सीहून लिहितेय. आईला डिसेंबरात इकडे आणायचं होतं, बाळंतपणासाठी, आणि तिने तिकडे नाशिकला फेसाचं इंजेक्शन घ्यायचं ठरवलं नोव्हेंबरच्या शेवटी, "येण्याआधी पाय बरा करून येते" म्हणून. पंधरा-सोळा तासांचं विमान. मी सहज इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले आधी किंवा नंतर, पण एवढं जवळजवळ नको, लांब बसून राहण्याने गुठळीचा धोका वाढतो. मग तिकडच्या डॉक्टरांशी बोलून परत गेल्यावर करायचं ठरलं, येताना स्टॉकिंग घालून येईल आणि दर तासाला उठून चालेल. परदेशात मुलांकडे येणाऱ्या आया खूप आहेत म्हणून लिहिलं. तारखा जुळवताना हे कुणी सांगत नाही.

इकडचं एक, पोलिडोकॅनॉलला अमेरिकेत मंजुरी २०१० साली मिळाली, जाळ्या आणि तीन मिलिमीटरपर्यंतच्या नसांसाठी, आणि तयार फेसाला २०१३ मध्ये. पण इन्शुरन्सवाले बहुधा आधी काही आठवडे-महिने स्टॉकिंग घालून बघा म्हणतात, मगच पुढचं. जाळ्यांचे पैसे इकडेही स्वतःचेच.

वैनतेय
१५ नोव्हेंबर, रात्री १०:१८

सगळा धागा दोनदा वाचला. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडून कडक झाली होती आणि आठ महिन्यांपासून तिथे जखम आहे, पाच रुपयाच्या नाण्याएवढी होती ती आता तळहाताच्या निम्म्याने. रोज ड्रेसिंग, तीन वेळा अँटिबायोटिकचे कोर्स झाले. शुगर नाही. बिडी ओढायचे, दोन वर्षांपूर्वी सोडली. गावातले डॉक्टर म्हणतात जखम आधी भरू दे मग नसांचं बघू. जखम काही भरत नाही. रात्री ते आवाज न करता बसून राहतात पाय धरून, आम्हाला कळू नये म्हणून. अशा उघड्या जखमेवर इंजेक्शन चालतं का?

शल्यक
१५ नोव्हेंबर, रात्री ११:०२

वैनतेय, चालतं, आणि जखम भरायची वाट बघणं उलटं आहे. ती भरत नाही कारण वरून उलटं पडणारं रक्त तिथेच साचतंय. ब्रिटनमध्येच ४५० जणांवर हे पाहिलं गेलं, २०१८ साली छापून आलं. दाबाची पट्टी दोन्हीकडे होती, पण ज्यांची नस लगेच बंद केली त्यांच्या जखमा मध्यमानाने ५६ दिवसांत भरल्या, ज्यांना थांबवलं त्यांना ८२ दिवस लागले. आणि त्या लगेच केलेल्यांत बऱ्याच जणांना नुसतं फेसाचंच इंजेक्शन होतं, जखमेच्या बाजूच्या चांगल्या कातडीतून टोचून जखमेखालच्या नसा भरता येतात.

पण त्याआधी एक. बिडी ओढायचे म्हणालात, तर पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या कशा आहेत ते बघायला हवं. घोट्याचं बीपी आणि हाताचं बीपी घेऊन ताडतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. घोट्याचं फारच कमी आलं तर घट्ट पट्टी किंवा स्टॉकिंग बांधायचं नाही, पायच धोक्यात येतो. म्हणून दुकानातून स्टॉकिंग आणून स्वतः चढवू नका. ते ठीक आलं तर थरांची दाबाची पट्टी, उभ्याने डॉपलर, मग नस. तोपर्यंत झोपताना पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवा, आणि त्याने ठणका उलट वाढला तर विटा काढा आणि लगेच मला कळवा, ती धमनीची खूण असू शकते. अँटिबायोटिक नुसत्या अशा जखमेला लागत नाही, ताप, लाली पसरणं, घाण वास असेल तर गोष्ट वेगळी.

जिल्ह्याला मेडिकल कॉलेज असेल तर सर्जरी ओपीडीत न्या, व्हॅस्क्युलरचे डॉक्टर आठवड्यातून कुठल्या दिवशी असतात ते आधी फोनवर विचारून मग जा, वडिलांची खेप वाया जायला नको.

फलटणकरीण
१५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

वैनतेय दादा, वडिलांना एकटं पाठवू नका, तुम्ही बरोबर जा. आणि डॉपलर झोपवून करायला लागले तर हात जोडून सांगा, उभं करून करा.

वैनतेय
२१ नोव्हेंबर, रात्री ९:४०

जाऊन आलो. घोट्याचं बीपी चांगलं आलं, धमन्या ठीक आहेत. डॉपलर उभं करूनच केला, मला सांगावं लागलं नाही, बाबांना उभं राहणं जमेना म्हणून त्यांनी टेबल तिरकं केलं आणि मी मागून धरलं. मांडीतली नस जांघेपासून गळते आणि घोट्याच्या वर आतून बाहेर येणारी एक नस पण. थरांची पट्टी बांधलीय, आठवड्याने बदलायची, आणि पुढच्या गुरुवारी फेसाचं इंजेक्शन. कितीतरी दिवसांनी काल रात्री बाबा चार तास सलग झोपले, आई दोनदा उठून बघून आली.

डॉक्टर, पट्टी ओली करायची नाही म्हणालेत, तर आंघोळीला पायावर मोठी पिशवी बांधून चालेल का? आणि स्टॉकिंगचं माप पुढे लागेल ते कधी घ्यायचं?

म्हापशेकर_सिस्टर
२१ नोव्हेंबर, रात्री १०:०५

पिशवी चालेल, फक्त वरून रबर आवळू नका, रुंद चिकटपट्टी लावा आणि स्टुलावर बसून पाय बाहेर काढून आंघोळ घाला. माप सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आधी, घोट्याचं सगळ्यात बारीक जागेचं, पोटरीचं सगळ्यात जाड जागेचं. पट्टी सुटेल त्या सकाळी तिथल्या सिस्टरनाच घ्यायला सांगा. गुरुवारी झालं की कळवा.

वैनतेय
२१ नोव्हेंबर, रात्री १०:१२

कळवतो ताई.